तिसरा कोन

विनोदी सिनेमाचा तिसरा भाग म्हटलं की मी आधीच नाक मुरडून बसतो. पहिला भाग कुणीतरी जीव ओतून केलेला असतो, दुसरा पहिल्यानं पैसे दिले म्हणून, आणि तिसरा सगळ्यांचे करार आधीच झालेले असतात म्हणून. २०१३ च्या मे महिन्यात 'द हँगओव्हर'चा तिसरा भाग आला, त्यात तर मुळात हँगओव्हरच नव्हता. श्रेयनामावली सुरू झाल्यावर आठवण झाल्यासारखा एक टाकलाय. आपल्याकडे 'हेरा फेरी'चे दोन भाग आले, २००० आणि २००६ ला. त्यानंतर कित्येक वर्षं लोकांची करमणूक तिसऱ्या भागाच्या नुसत्या बातम्यांवरच झाली. 'मुंबई-पुणे-मुंबई'चा तिसरा भाग त्यातल्या त्यात सरळमार्गी: पहिल्यात ओळख, दुसऱ्यात लग्न, तिसऱ्यात बाळ. क्रम चुकला नाही, घरच्यांनी आशीर्वाद दिले, आपणही दिले.

त्याच २०१३ च्या जुलैत इंग्लंडमध्ये 'द वर्ल्ड्स एंड' लागला. एडगर राइट दिग्दर्शक, लेखन त्याचं आणि सायमन पेगचं, पडद्यावर पेग आणि निक फ्रॉस्ट ही नेहमीची जोडी. आधीचे दोन म्हणजे 'शॉन ऑफ द डेड' (२००४) आणि 'हॉट फझ' (२००७). पहिल्यात झोंबी, दुसऱ्यात पोलीस, तिसऱ्यात परग्रहवासी. तिन्ही गोष्टी वेगळ्या, पात्रं वेगळी, गावं वेगळी. तरी ही त्रयी, आणि ती झाली कशी तर आइस्क्रीमवरून. राइट कॉलेजात असताना रात्री जास्त झाली की सकाळी उतारा म्हणून कॉर्नेटो हा आइस्क्रीमचा कोन खायचा. तो उतारा त्यानं पहिल्या सिनेमात टाकला. कंपनीनं खूश होऊन प्रीमियरला फुकट कोन पाठवले. दुसऱ्यातही टाकला तर परत मिळतील, हा हिशेब. पुढे कुणीतरी विचारलं, ही काय त्रयी वगैरे आहे का? यांनी तोंड वर करून क्येशलॉव्स्की या पोलिश दिग्दर्शकाच्या 'थ्री कलर्स' या त्रयीचं नाव घेतलं. फ्रेंच झेंड्याचे रंग: निळा, पांढरा, लाल. स्वातंत्र्य, समता, बंधुता. यांचं स्ट्रॉबेरीचा लाल म्हणजे रक्त, साध्या कोनाचा निळा म्हणजे पोलीस, आणि मिंटचा हिरवा म्हणजे परग्रहवासी. थापच होती, पण एकदा मारल्यावर निभवायला लागली. मला हे फार आवडतं. जगात किती त्रयी आधी ठरवून लिहिल्या गेल्या आणि किती अशा अंगाशी आल्या म्हणून, हे तपासायला हवं कुणीतरी.

तर तिसरा कोन. चाळिशीतला गॅरी किंग. २२ जून १९९० या दिवशी शाळा संपली म्हणून तो आणि चार मित्र न्यूटन हेवन नावाच्या आपल्या गावातले बाराच्या बारा पब एका रात्रीत करायला निघाले होते. प्रत्येक ठिकाणी एक पाइंट, म्हणजे बिअरचा एक मोठा ग्लास. बारावा पब 'द वर्ल्ड्स एंड'. तिथवर काही ते पोचले नाहीत. सिनेमा सुरू होतो तेव्हा गॅरीच हे सगळं रंगवून सांगतोय, मागे गाणं वाजतंय, पोरं रस्त्यानं धावतायत, आणि पहाटे टेकडीवर बसून सूर्य बघताना त्याला वाटलंय की आयुष्य यापेक्षा चांगलं होणार नाही. मग कट. गॅरी गोलात मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसलाय. व्यसनमुक्तीचा गट. त्यातला एक जण साधाच प्रश्न विचारतो, की तो मार्ग पुरा झाला नाही याचं वाईट नाही का वाटत? गॅरी नाही म्हणतो, आणि म्हणतानाच त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं तिथून पुढचा सगळा सिनेमा.

तो एकेकाला गाठतो. पीटर बापाच्या मोटारींच्या धंद्यात, ऑलिव्हर घरं विकणारा एजंट, स्टीव्हन बांधकामातला, अँडी वकील. सगळे स्थिरस्थावर, सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे. गॅरीच्या अंगात तोच काळा लांब कोट, 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या बँडचा टी-शर्ट, बुडाखाली तीच जुनी फोर्ड ग्रॅनडा. गाडीत कॅसेट वाजते. स्टीव्हन चमकतो, अरे ही तर मी तुला भरून दिलेली, कुठे सापडली? टेपमध्येच होती, गॅरी सांगतो. वीसएक वर्षं ती बाहेर काढायचं त्याला सुचलेलंच नाही. या एका विनोदात माणूस पुरा उभा राहिला. कादंबरीकाराला याला वीस पानं लागली असती, आणि वर तो शेवटी पाऊस पाडता ते वेगळंच.

अँडी सोळा वर्षं दारूला शिवलेला नाही. पहिल्या पबमध्ये तो नळाचं पाणी मागतो. गॅरीच्या डोळ्यांत त्याबद्दल जी तुच्छता आहे ती बघण्यासारखी. हा अँडी या सहलीला यायलाच तयार नव्हता, आला कारण गॅरीनं त्याला सांगितलं की आई गेली. आई धडधाकट आहे, हे पुढे यथावकाश उघडं पडतं.

इथं आधीचे दोन सिनेमे आठवायला हवेत. त्यांतही एक मोठा न झालेला पोरगा होताच. 'शॉन'मध्ये एड: सोफ्यावर पडून व्हिडिओ गेम खेळणारा, भाडं न देणारा, चारचौघांत वाट्टेल ते बोलणारा. तो शेवटी झोंबी होतो, तर मित्र त्याला बागेतल्या शेडमध्ये साखळीनं बांधून ठेवतो आणि दोघं मिळून गेम खेळतात. 'हॉट फझ'मध्ये डॅनी: खेड्यातला हवालदार, ॲक्शनपटांच्या डीव्हीडीज गोळा करणारा, कोन चघळणारा. दोन्ही वेळा ते पोरगं निक फ्रॉस्टनं केलं, गोंडस केलं, आणि सिनेमानं आपल्याला सांगितलं की असा एक मित्र हवाच, बाकीचं जग उगाच गंभीर आहे. आपणही हसलो. माझ्या वयाच्या अर्ध्या मुलग्यांनी त्या एडमध्ये स्वतःला बघितलं आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

तिसऱ्यात त्यांनी खुर्च्या बदलल्या. आता वेंधळा पेग आणि शहाणा फ्रॉस्ट. वरवर नटांना कंटाळा आला म्हणून केलेली अदलाबदल वाटते, पण तिचा परिणाम क्रूर आहे. एड विशीत होता, त्याला शेडमध्ये बांधून प्रश्न सुटत होता. चाळिशीतल्या एडला कुठे बांधणार? तो तुम्हाला फोन करतो. आई गेली सांगतो. कुणाकुणाकडून घेतलेले पैसे तो त्याच मित्रांमध्ये फिरवत राहतो. विनोदी सिनेमात विदूषकाची तब्येत कुणी विचारत नाही, विचारली तर विनोद थांबतो, आणि या लोकांनी तिसऱ्या खेपेला ती विचारली. ज्यांनी पहिले दोन डोक्यावर घेतले त्यांतल्या पुष्कळांना तिसरा 'तितका मजा नाही आला' वाटतो तो बहुतेक यामुळे. माझ्या मते तिघांत हाच सगळ्यात चांगला. हे मी जिथे जिथे बोललो तिथे वाद झालेत.

कुंपणाचा गमतीचा धागा घ्या. 'शॉन'मध्ये नायक रुबाबात कुंपणावरून उडी मारायला जातो आणि कुंपणासकट आडवा होतो. 'हॉट फझ'मध्ये पेगचा पोलीस एकामागून एक कुंपणं सरासर ओलांडतो, मागचा फ्रॉस्ट सरळ लाकूड फोडून पार. तिसऱ्यात गॅरीसमोर कुंपण येतं. आपल्याला माहीत असतं काय होणार, तेच होतं, आपण हसतो. फक्त या वेळी पडणाऱ्याचं वय दिसतं.

गाव मात्र बदललंय. पहिल्या पबमध्ये सगळं चकचकीत, ओळीत मांडलेलं, खडूनं लिहिल्यासारखा दिसणारा छापील फळा. दुसऱ्या पबमध्ये शिरतात तर तेच टेबल, तोच फळा, तोच उजेड. साखळीवाल्यांनी गावचे पब एकसारखे करून टाकलेत. कुणी गॅरीला ओळखत नाही. ज्या गावाचा हा राजा होता तिथल्या एका पबमध्ये त्याची एकच खूण शिल्लक आहे, ती म्हणजे त्याच्यावरची बंदी. तिथे त्याला दारात अडवतात, तर हा पठ्ठ्या बाहेरच्या टेबलांवरचे लोकांनी सोडलेले घोट गोळा करून आपला पाइंट 'पुरा' करतो. नियम म्हणजे नियम.

हे गाव चित्रित झालं ते लंडनच्या उत्तरेच्या लेचवर्थ आणि वेल्विन या दोन उद्याननगरांत. लेचवर्थ १९०३ सालचं, एबेनेझर हॉवर्ड या सुधारकाच्या कल्पनेतून उभं राहिलेलं जगातलं पहिलं उद्याननगर: रुंद रस्ते, झाडं, स्वच्छ हवा, कामगारांना माणसासारखी घरं. आणि दारूबंदी. तिथला 'स्किटल्स इन' हा १९०७ मध्ये सुरू झालेला पब बिनदारूचा होता, लोक तिथे कोको आणि सरबत प्यायला जात. ही बंदी कित्येक दशकं टिकली. म्हणजे बारा पबांचा सिनेमा या लोकांनी नेमका तिथे काढला. वर्ध्यात जाऊन बारा बारांचा सिनेमा काढावा, तसलाच प्रकार. पब कमी पडले तेव्हा तिथलं रेल्वे स्टेशन आणि जुनं ब्रॉडवे सिनेमागृह यांनाही पाट्या लावून पब केलं. सुधारकांनी आखलेल्या गावात परग्रहवासी येतात तेही सुधारकच आहेत, हा योगायोग की आगाऊपणा, ते राइट जाणे.

कारण गॅरीला गाव ओळखत नाही त्याचं खरं कारण वेगळं आहे. चौथ्या पबच्या मुतारीत तो एका पोरट्याशी मारामारी करतो आणि त्या पोराचं मुंडकं निखळतं. आतून शाईसारखं निळं रक्त. गाव यंत्रमानवांनी भरलंय. मूळ माणसं गेली, त्यांच्या जागी सुधारित आवृत्त्या बसल्या. इथून सिनेमा गिअर बदलतो, आणि पुढची मारामारी पाचही जण त्याच मुतारीत अशी करतात की बघत राहावं. ती बसवली ब्रॅड ॲलननं, जॅकी चॅनच्या स्टंट पथकात वाढलेला माणूस. कॅमेरा कट न मारता एकाकडून दुसऱ्याकडे घसरत जातो, आणि हाणामारीतही प्रत्येकाचा स्वभाव शाबूत राहतो: पीटर लपतो, स्टीव्हन हिशेबानं मारतो, अँडी रेड्यासारखा घुसतो. मारामारी संपते आणि सोळा वर्षं पाणी पिणारा अँडी काउंटरवर जाऊन ट्रेमधले शॉट्स एकामागून एक रिचवतो. थिएटरात हशा आणणारी जागा आहे ही. दुसऱ्यांदा बघताना मी हसलो नाही. या माणसानं सोळा वर्षं जे बांधलं होतं ते गॅरीनं चौथ्या पबमध्ये पाडलं.

मग प्रश्न असा की पळून का जात नाहीत? गॅरी म्हणतो, आपल्याला संशय आलाय हे त्यांना कळायला नको, तेव्हा ठरल्याप्रमाणे पुढच्या पबमध्ये जाऊ. याहून बरी कल्पना कुणालाच सुचत नाही. व्यसनी माणसाचं तर्कशास्त्र इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. प्रत्येक संकटाचं उत्तर पुढचा पेला, आणि प्रत्येक वेळी ते उत्तर ऐकायला अगदी बरोबर. पुढे एका पबमध्ये तुंबळ चालू असताना गॅरीचं सगळं कौशल्य हातातला ग्लास सांडू न देण्यात लागलेलं असतं. चॅनच्या घराण्यातली ही करामत, पण चॅन करतो तेव्हा ती नुसती चपळाई असते. इथं जीव गेला तरी चालेल, बिअर जाता कामा नये.

पबांच्या पाट्यांमध्येही भाकितं लपवलीत. 'टू-हेडेड डॉग'मध्ये जुळ्या भेटतात, 'मर्मेड'मध्ये शाळकरी सुंदऱ्या भुरळ घालायला येतात, 'होल इन द वॉल'ला शेवटी गाडी भिंत फोडून आत शिरते. सिनेमाच्या सुरुवातीला गॅरीनं सांगितलेल्या १९९० च्या रात्रीतही पुढचं बरंच काही आधीच घडून गेलेलं आहे. असल्या कारागिरीचं मला कौतुक आहे, पण त्यावर निबंध लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांना करू दे.

आमच्या बॅचमध्येही एक आहे. नाव घेत नाही. मध्ये त्यानं सगळ्यांना सिंहगडावर जमवलं, अकरावीत जायचो तसंच, पहाटे, पायथ्यापासून चालत. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे टाकले आणि सगळे गाडीनं वर गेले. कुणाचे गुडघे, कुणाची पाठ, कुणाला बाराच्या आत मुलीला क्लासला सोडायचं. तो एकटा चालत आला. घामानं निथळत वर पोचला आणि पार्किंगमध्ये गाड्या बघून म्हणाला, "लाज वाटत नाही का रे?" मग हसला आणि टपरीवरच्या काकूंना ऑर्डर सांगायला लागला. प्रत्येकाची, न विचारता. याला खेकडा भजी डबल, याला पिठलं-भाकरी पण ठेचा वेगळा, याला मटक्यातलं दही वर साखर घालून. एकही चूक नाही. ज्याला साखर घालून दही दिलं त्याला आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं. त्यानं काही न बोलता मटकं हळूच शेजाऱ्यापुढे सरकवलं. आमच्या पठ्ठ्यानं ते पाहिलं. तो काहीच बोलला नाही, उठला, ते मटकं उचललं आणि उभ्या उभ्या स्वतः संपवलं. त्याच्या तोंडाला सकाळी नऊ वाजता कसला वास येत होता ते सगळ्यांना कळत होतं. ग्रुपवर त्याच्या रात्री दोनच्या व्हॉइस नोटना हसणारे इमोजी पडतात, अजूनही.

'द वर्ल्ड्स एंड' पाहिल्यापासून मला गॅरीची ऑर्डर द्यायची पद्धत ओळखीची वाटते. तो पाच पाइंट मागतो. माणसं बदललेली त्याला दिसत नाहीत असं नाही, दिसतात. यंत्रमानव गावानं तेच केलंय: प्रत्येकाची एक प्रत जपून ठेवायची, तरुण, निरोगी, आठवणींसकट. गॅरी ज्यांच्याशी लढतोय ते त्याचंच स्वप्न विकत असतात. शेवटी ते त्याला त्याची अठराची प्रत समोर आणून दाखवतातही. तो तिचं मुंडकं उडवतो, आणि बघताना आपल्याला बरं वाटतं, पण दोन मिनिटांपूर्वीच काय घडलंय ते विसरता येत नाही.

ते घडतं बाराव्या पबमध्ये. अख्खं गाव मागे लागलंय, मित्र गेलेत किंवा पांगलेत, आणि गॅरी काउंटरमागे जाऊन शेवटचा पाइंट भरतो. अँडी धावत येऊन त्याला अडवतो. दोन पोट सुटलेली माणसं एका ग्लासासाठी झटापट करतात. झटापटीत गॅरीची बाही वर जाते. मनगटाला बँडेज, आणि हातात रुग्णालयात बांधतात ती पट्टी. म्हणजे सुरुवातीच्या त्या गोल खुर्च्या नुसत्या दारूसाठी नव्हत्या. आत्तापर्यंतचे सगळे विनोद एका झटक्यात मागे वळून बघायला लावणारी ही जागा आहे. आणि सिनेमा इथे संगीत चढवत नाही. गॅरी चिडून सांगतो की ती जागा चांगली नव्हती, तिथे झोपायच्या वेळा ते लोक ठरवायचे, आणि माझ्याकडे उरलंय ते एवढंच. पेगनं हे असं केलंय की नट म्हणून त्याच्याबद्दलचं माझं मत कायमचं बदललं. पुढे काही वर्षांनी त्यानं मुलाखतींमधून स्वतःचं व्यसन आणि नैराश्य उघडपणे सांगितलं. ते वाचून आश्चर्य वाटलं नाही.

मग परग्रहवाल्यांशी संवाद. त्यांचा आवाज बिल नायी या नटाचा, सरकारी कचेरीतल्या सभ्य साहेबासारखा. मानवजातीनं सुधारावं म्हणून त्यांनी प्रस्ताव मांडलाय. समोर तीन झिंगलेले इसम. ते मुद्दे खोडत नाहीत, नुसता वैताग आणतात, आणि शेवटी ती विश्वव्यापी बुद्धिमत्ता कंटाळून शिवी हासडते आणि निघून जाते. जाताना जगाची वीज, इंटरनेट, सगळं घेऊन जाते. मानवजात वाचली, कारण तिच्याशी वाद घालणं अशक्य आहे. कुठल्याही गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटायला जड जाऊ नये.

एक तक्रार आहे. रोझमंड पाइकसारखी नटी घेऊन तिला ऑलिव्हरची बहीण आणि गॅरी-स्टीव्हनच्या जुन्या चढाओढीतलं बक्षीस एवढंच ठेवलंय. पाच पुरुषांच्या पौगंडावस्थेवरचा सिनेमा आहे हे मान्य, पण लिहिणाऱ्यांची थोडी पौगंडावस्था इथं डोकावते.

शेवट अनेकांना खटकतो. उजाड जगात गॅरी पाठीला तलवार लावून हिंडतोय, सोबत त्याच्या चार मित्रांच्या अठरा वर्षांच्या यांत्रिक प्रती. एका गुत्त्यात शिरतो आणि पाणी मागतो. दारू सुटली म्हणून हा सुखांत म्हणणारे आहेत. मला तो तसा वाटत नाही. त्याची दारू सुटली, पण १९९० काही सुटलं नाही. उलट आता ते त्याच्याबरोबर चालतंय, कधी म्हातारं होणार नाही, कधी गाडीनं वर येणार नाही. डॉक्टर याला बरं झालं म्हणतील का, माहीत नाही. सिनेमा म्हणत नाही, असं माझं वाचन.

पण या शेवटातलं मला सगळ्यात झोंबलेलं पात्र गॅरी नाही, पीटर आहे. एडी मार्सननं केलेला, पाचांतला सगळ्यात बुजरा. अर्ध्या वाटेवर एका पबमध्ये त्याला शाळेत छळणारा दांडगट भेटतो आणि ओळखही न दाखवता बाजूनं निघून जातो. पीटर मित्रांना सांगतो की मार खाल्ला त्याचं इतकं नाही, मी याच्या लक्षातही नाही याचं आहे. पुढे तो आणि ऑलिव्हर दोघंही जातात, त्यांच्या जागी यंत्रं येतात. आणि परग्रहवासी निघून गेल्यावर ती मागे राहिलेली यंत्रं निमूट आपापल्या आयुष्यात परततात. अर्धं डोकं गेलेला ऑलिव्हर पुन्हा घरं विकायला लागतो. पीटरचं यंत्र घरी जातं. बायको आहे, मुलं आहेत, बाग आहे. संसार पुढे सुरू होतो, कुणाची काही तक्रार नाही.